राजीनामा दिला म्हणून ग्रॅच्युइटी बुडते? आखातात कंपनी बदलताना पैसे कुठे जातात

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत हात बसलेला वेल्डर किंवा फिटर दुबई-शारजाला जातो, तेव्हा एक समज इथूनच बरोबर नेतो: पाच वर्षं भरली नाहीत तर ग्रॅच्युइटी नाही. 1972 च्या आपल्या कायद्यापासून हे आकडे लोकांच्या डोक्यात पक्के बसलेत. दलालाचं निम्मं काम तिथेच होतं. त्याला नवीन खोटं रचावं लागत नाही, तुमच्याच समजुतीला ‘हो’ म्हटलं की भागतं.

सातपूरच्या एका वेल्डरचं प्रकरण पाहा. शारजात साडेचार वर्षं नोकरी, पगार 1,800 दिरहम. करारात बेसिक (भत्ते सोडून मूळ पगार) 900, बाकीचे 900 राहणं, जेवण, प्रवास अशा भत्त्यांत. दुसऱ्या कंपनीने 2,200 देऊ केले. जुन्या कंपनीच्या मंदूबाने, म्हणजे सरकारी कागदपत्रं बघणाऱ्या माणसाने, सांगितलं, राजीनामा तू दिलास, पाच वर्षंही झाली नाहीत, म्हणून दोन तृतीयांशच मिळेल. ज्याने पाठवलं होतं त्या नाशिकच्या दलालाने फोनवर तेच सांगितलं, वर ‘रिलीज (जुन्या कंपनीची ना हरकत) काढून देतो’ म्हणून 40,000 रुपये मागितले. घरच्या माणसाने नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ एका चहाच्या टपरीवर ते रोख मोजून दिले. पावती नाही.

आता हिशेब करू. संयुक्त अरब अमिरातीत 2 फेब्रुवारी 2022 पासून नवा कामगार कायदा लागू आहे. सलग एक वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटी सुरू होते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांचं बेसिक, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला 30 दिवसांचं, आणि एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त नाही. अर्ध्या वर्षाचे पैसे त्या प्रमाणात मिळतात. बेसिक शेवटच्या महिन्याचं धरतात. एका दिवसाचा दर काढताना ते 30 ने भागतात, आपल्यासारखं 26 ने नाही.

म्हणजे 900 भागिले 30, रोज 30 दिरहम. 21 दिवसांचे 630. साडेचार वर्षांचे 2,835 दिरहम. त्याच्या हातात पडले 1,890. मधले 945 गेले कुठे? ‘राजीनामा दिला तर एक तृतीयांश, दोन तृतीयांश’ हा जुन्या कायद्यातला, बेमुदत करारांचा नियम होता. नव्या कायद्यात राजीनाम्यामुळे ग्रॅच्युइटी कापली जात नाही. मंदूबाला हे माहीत नसेल असं मानायला आम्ही तयार नाही.

‘रिलीज’चे 40,000 तर निव्वळ लूट. करारात लिहिलेली नोटीस पूर्ण केली, म्हणजे 30 ते 90 दिवसांतली जी असेल ती, की कंपनीच्या ‘ना हरकत’वर तुमचं काही अडत नाही. प्रोबेशनचे सहा महिने चालू असतील तर गणित वेगळं. तिथल्याच दुसऱ्या कंपनीत जायचं असेल तर एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची, आणि जुन्या कंपनीचा भरतीचा खर्च नव्या कंपनीने भरायचा. कामगाराने नाही. व्हिसा, परमिट, भरतीचा खर्च पगारातून कापणं कायद्यात बसत नाही, मग तो कितीही ‘हप्त्याहप्त्याने’ कापू द्या.

खरा घोळ मात्र बेसिकमध्येच असतो आणि तो नोकरी सोडताना नाही, करार करतानाच होतो. त्याच 1,800 पगारात बेसिक 1,400 असतं तर साडेचार वर्षांची ग्रॅच्युइटी 4,410 झाली असती. म्हणून नवी ऑफर 2,200 ची आहे यावर खूश होऊ नका. त्यात बेसिक 800 आणि भत्ते 1,400 असतील तर हाती पगार वाढला, पण पुढच्या ग्रॅच्युइटीचा आणि शिल्लक रजेच्या पैशांचा पाया खाली गेला. रजेचे पैसेही बेसिकवरच मोजतात. दलालाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोवर विश्वास ठेवू नका. अमिरातीच्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर मागा, त्यावरचा व्यवहार क्रमांक मंत्रालयाच्या साइटवर तपासा, आणि नोंदणी झालेल्या करारातलं बेसिक त्याच्याशी ताडून बघा. दोन्हीत फरक असेल तर सही करू नका.

बिनपगारी रजेचे दिवस नोकरीत धरत नाहीत. गावी दोन महिने जास्त थांबलात तर तेवढे वजा होणारच. इथे कंपनीवर रागावून उपयोग नाही.

सगळ्यात घातक कागद म्हणजे कॅन्सलेशनचा. वर्क परमिट रद्द करताना ‘माझी सर्व देणी मिळाली’ असं लिहिलेल्या अर्जावर सही घेतात. टायपिंग सेंटरमध्ये घाई असते, बाहेर गाडी उभी असते, मंदूब म्हणतो, ‘आधी सही कर, पैसे गुरुवारी.’ त्या सहीनंतर गुरुवार उजाडत नाही. सातपूरच्या माणसाने हेच केलं. देणी करार संपल्यापासून 14 दिवसांत द्यायची असतात, पण सही झाल्यावर तक्रारीत पहिला प्रश्न येतो, मग ही सही कोणाची? पैसे खात्यात दिसल्यावर किंवा चेक हातात आल्यावरच सही करा. कागदाचा फोटो काढा, आणि अरबी वाचता येत नसेल तर मजकूर दुसऱ्याकडून वाचून घ्या. पैसे दिलेच नाहीत तर मंत्रालयाच्या अ‍ॅपवरून तक्रार करा. ती फुकट आहे. 50,000 दिरहमपर्यंतच्या दाव्यात मंत्रालय स्वतः निर्णय देऊ शकतं. उशीर करू नका, आणि नोकरी सोडण्याआधीच बँकेचं पगार-खात्याचं विवरण काढून ठेवा. पगार तिथे वेतन संरक्षण प्रणालीतून बँकेत जातो, त्यामुळे किती मिळाले याचा पुरावा तिथेच असतो.

नव्या कंपनीची घाई असली तरी जुनी नोकरी रीतसर सुटण्याआधी तिथे कामाला बसू नका. परमिटशिवाय काम पकडलं तर दोन्हीकडून जाल, वर जुनी कंपनी ‘पळून गेला’ अशी नोंद करू शकते. कारण नसताना करार अर्धवट टाकून गेलेल्याला वर्षभर नवं परमिट मिळत नाही.

सौदीचा हिशेब यात मिसळू नका. तिथे राजीनाम्याने पैसे खरंच कमी होतात: दोन ते पाच वर्षं झाली तर एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश, दहानंतर पूर्ण. दुबईचा नियम रियाधला लावणारे दलालही आहेत.

नाशिकच्या बाजूचं एवढंच. परदेशी भरती फक्त परवानाधारक एजंट करू शकतो. त्याचा हात म्हणून गल्लीत फिरणाऱ्याला पैसे घ्यायचा अधिकार नाही. सेवाशुल्काची कमाल मर्यादा 30,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400. एजंटचा परवाना क्रमांक ई-मायग्रेट या भारत सरकारच्या साइटवरच्या यादीत बघा आणि पैसे बँकेतूनच द्या.

निघताना कंपनीकडून अनुभवाचं प्रमाणपत्र मागून घ्या: रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, काम, शेवटचा पगार. मागितल्यावर ते फुकट द्यावं लागतं. त्याचेही दोन हजार मागणारे दलाल नाशकात आहेतच.