सोलापुरात सात रस्त्याजवळचं छातीचं क्लिनिक: वेटिंग लई, पण निदान पक्कं

डॉक्टर बोलायला जरा तुटक आहेत, ते आधीच सांगतो. अण्णांच्या पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेलेली, औषधं होऊनही दम काही जाईना, कंबर तलावाला फिरायची चक्कर बंद, आणि आधी एका ठिकाणी दमा म्हणून नुसता पंप देत बसले होते. इथं इको (हृदयाची सोनोग्राफी) बघूनच फुप्फुसाच्या रक्तनळीतलं प्रेशर वाढलंय म्हणाले, व्हीक्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठं पोचतंय ते दाखवणारा) करायला लावला आणि ऑपरेशन चित्र काढून समजावलं. हार्ट-लंग मशीनवर घेऊन शरीर २० डिग्रीच्या आसपास थंड करतात, मग रक्त फिरणं एका वेळी साधारण २० मिनिटं थांबवून जुनी गाठ नळीच्या आतल्या अस्तरासकट सोलून काढतात, ऐकून आई रडायलाच लागली की ओ. गाठी फार बारीक नळ्यांत असतील तर ऑपरेशन जमत नाही, मग बलून घालून नळ्या उघडायच्या किंवा ते प्रेशर कमी करणाऱ्या रिओसिग्वॅटच्या गोळ्या, हेही स्पष्ट बोलले. असली ऑपरेशनं मोजक्याच सेंटरला होतात म्हणून बाहेरगावी पाठवलं, पण फाइल स्वतः लावून दिली, एवढं कोण करतंय. रक्त पातळ करायची गोळी आता जन्मभर, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी) दाखवायला इथंच येतो. अपॉइंटमेंट असून पण ताटकळत बसावं लागतं आणि पार्किंग तर नाहीच, रिक्षानंच या.