रोजच्या दहा मिनिटांसाठी कोणतं स्तोत्र धरावं?

खानापूर, निपाणी, बेळगावकडच्या आपल्या बऱ्याच घरांत मुलं शाळेत कन्नड किंवा इंग्रजी वाचतात, मराठी घरी बोलतात. देवापुढे रोज एकच स्तोत्र म्हणायचं ठरवलं, तर त्यांच्यासाठी पहिलं कोणतं? माझ्या मते संकटनाशन गणेशस्तोत्र. आठ श्लोक, दीड-दोन मिनिटं. 'प्रथमं वक्रतुण्डं च एकदन्तं द्वितीयकम्' अशी नावं मोजत मोजत बारापर्यंत जातात, त्यामुळे पोर अडखळलं तरी पुढचा आकडा त्याला वाट दाखवतो.

रामरक्षा ३८ श्लोकांची, आठ-दहा मिनिटं हवीतच. पण मोठ्या माणसाने तीच धरावी असं मला मनापासून वाटतं. 'शिरो मे राघवः पातु' पासून 'पादौ' पर्यंत कवच उतरत जातं. आमची आजी म्हणताना नातवाच्या डोक्यावरून, कपाळावरून, डोळ्यांवरून हात फिरवत असे. शब्दांचे अर्थ त्या हातानेच कळले. शेवटाकडच्या 'रामो राजमणिः' या एका श्लोकात राम शब्दाच्या आठही विभक्ती आहेत. तिथे आपली जीभ मात्र घसरते. 'भो राम मामुद्धर' हे आपण 'भो राम् मामुद्धर्' म्हणतो आणि १९ अक्षरांच्या ओळीतली दोन अक्षरं गिळतो. शेजारच्या कन्नड अक्कांनी मला हे दाखवलं. त्यांच्या बोलीत शेवटचा अकार पुरा उच्चारतात, म्हणून त्यांचं संस्कृत कानाला भरीव लागतं. तेवढं त्यांच्याकडून जरूर घ्यावं.

संध्याकाळी दिवा लावताना शेजारणीही येऊन बसत असतील, तर महालक्ष्म्यष्टक. रामरक्षा मुख्यतः आपल्या मराठी घरांतली. हे अष्टक कन्नड घरांतही म्हणतात. पुस्तक त्यांचं कन्नड लिपीत, आपलं देवनागरीत, आणि 'महालक्ष्मि नमोऽस्तु ते' सगळ्यांच्या तोंडून एकदम येतं. (संबोधन आहे, म्हणून 'क्ष्मि' ऱ्हस्व. कितीतरी पुस्तकांत दीर्घ छापलेलं असतं.)

अथर्वशीर्ष पुस्तकावरून सुरू करू नका. ते उपनिषद आहे, बरंचसं गद्य, चाल धरून रेटता येत नाही. स्वर जाणणाऱ्याजवळ बसूनच शिकावं. तशी व्यक्ती गावात असेल तर रामरक्षेच्याही आधी तिच्याकडे जा, कारण असं शिकवणारे सगळीकडे मिळत नाहीत.