कॉलेजातलं स्पॅनिश: पहिलं वर्ष बघून मत बनवू नका

कॉलेजात स्पॅनिशची डिग्री केली आणि आता कामात ती भाषा रोज वापरते, त्यामुळे हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय. कॉलेजचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण जे सांगायचंय ते तुम्ही कुठल्याही कॉलेजच्या स्पॅनिश डिपार्टमेंटला लावून बघू शकता. माझं रेटिंग ५ पैकी ४. वेळ आणि फी दोन्ही वसूल झाले, पण ते ग्रामरमुळे नाही, तर पुढच्या वर्षांत इतिहास, राजकारण, बिझनेस हे सगळं थेट स्पॅनिशमधून शिकवलं त्यामुळे.

पहिलं वर्ष ठीक. व्हर्बची रूपं, सेर आणि एस्तार (दोन्हींचा अर्थ "असणे") मधला फरक, लिंग, काळ, हे ॲपवरही होतं हे खरंय. कॉलेजात जास्तीचं मिळतं ते म्हणजे समोर बसलेला माणूस तुमचं चुकलेलं वाक्य तिथल्या तिथे थांबवून परत म्हणायला लावतो, आणि तेच वाक्य अजून दहा जणांच्या तोंडून ऐकून कानात बसतं. मराठी माणसाला इथे थोडा फायदाही आहे, स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून येतात, आणि आवडणं, दुखणं, वाटणं या क्रियापदांची रचनाही बरीचशी आपल्यासारखीच, ज्याला आवडतं तो कर्ता नसतोच मुळी, इंग्रजीतून विचार करणारे त्या धड्याला अडतात आणि आपण सरळ पुढे जातो. सब्जंक्टिव्हला, म्हणजे इच्छा, शंका अशा गोष्टी सांगताना बदलणाऱ्या क्रियापदाच्या रूपांना, मात्र सगळेच अडतात, त्याला काही इलाज नाही, बोलत राहायचं.

आता तासांचा हिशोब बघा, कारण ॲडमिशनच्या वेळी हे कोणी सांगत नाही. अमेरिकेच्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटमध्ये डिप्लोमॅट लोकांना भाषा शिकवतात, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी स्पॅनिश त्यांच्या सगळ्यात सोप्या गटात आहे. तरीही कामापुरती पकड यायला ते साधारण ६०० ते ७५० तासांचा क्लास धरतात, तोही फुलटाइम. कॉलेजात आठवड्याला चार तास आणि वर्षाला तीस आठवडे धरले तर वर्षाचे १२० तास होतात. म्हणजे फक्त भाषेच्या लेक्चरवर अख्खी डिग्री काढली तरी आकडा जुळत नाही. म्हणूनच बाकीचे विषय स्पॅनिशमधून असणं इतकं महत्त्वाचं, तास तिथेच वाढतात.

आमच्याकडे लॅटिन अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर पूर्ण स्पॅनिशमध्ये होता आणि माझ्या मते पूर्ण कोर्समधला तो सगळ्यात भारी पेपर. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ लष्करी राजवट होती, हजारो माणसं गायब केली गेली, आणि ३० एप्रिल १९७७ ला काही आया ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो चौकात आपल्या मुलांचा जाब विचारायला जमल्या. जमावबंदी होती, पोलिसांनी सांगितलं उभं राहायचं नाही, चालत राहा, तर त्या चौकात गोल चालायला लागल्या, आणि मग दर गुरुवारी तिथे येऊन चालायच्या. मॅडमनी हे शिकवताना फळ्यावर दोनच वाक्यं लिहिली, त्या दिवशी जमल्या आणि दर गुरुवारी चालायच्या, आणि विचारलं की दोन्ही भूतकाळच आहेत मग क्रियापदाचं रूप वेगळं का. ग्रामरच्या पुस्तकात ते दोन भूतकाळ कितीतरी पानं चालतात, इथे त्या बायकांच्या चालण्यातून ते एकदाच समजलं आणि परत कधी विसरले नाही. शिवाय आज अर्जेंटिनाच्या क्लायंटशी बोलताना राजकारणाचा विषय निघाला की कुठे गप्प बसून ऐकायचं हे कळतं, आणि ते कळणं मला शब्दसंग्रहाइतकंच मोलाचं वाटतं.

प्रोफेशनल स्पॅनिशचा पेपर शेवटच्या वर्षी होता. ईमेल, रिपोर्ट, मीटिंग हे सगळं होतंच पण सगळ्यात उपयोगी निघाले आकडे आणि नावं, ज्यांना आम्ही सुरुवातीला काहीच महत्त्व दिलं नव्हतं. इंग्रजीतलं एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, पण स्पॅनिशमधलं एक बियोन म्हणजे एक लाख कोटी, अख्खी हजारपट तफावत, आणि शब्द दिसायला सारखेच. स्पेनमधल्या इन्व्हॉइसवर १.५०० दिसलं तर ते बहुतेक वेळा दीड हजार असतं, मेक्सिकोत मात्र पॉइंट दशांशासाठी वापरतात, म्हणजे तिथे तेच दीड होईल. नावांचंही तसंच, दोन आडनावं असतात, टेनिसपटू राफाएल नादालचं पूर्ण नाव राफाएल नादाल परेरा, त्यातलं नादाल वडिलांकडून आणि परेरा आईकडून, त्यामुळे शेवटचा शब्द आडनाव समजून परेरा नावाने फाइल लावली तर ती शोधायला गेल्यावर सापडणार नाही.

इंटरप्रिटेशनची प्रॅक्टिसही याच पेपरात. एकजण दोन-तीन मिनिटं सलग बोलणार, तुम्ही वहीच्या पानावर उभ्या रांगेत खुणा, बाण, आद्याक्षरं टिपत जाणार आणि तो थांबला की दुसऱ्या भाषेत सगळं मांडणार. पूर्ण वाक्यं लिहायला गेलं की पुढचं ऐकणं सुटतं. सर सांगायचे की अर्थ डोक्यात ठेवा, कागदावर फक्त आकडे, नावं आणि "पण", "म्हणून" असे जोडशब्द, कारण घोळ तिथेच होतो. एवढी मेहनत करून घेणारा पेपर आणि तो ऑप्शनल होता! बऱ्याच मुलांनी घेतलाच नाही, आणि हे मला अजिबात पटलेलं नाही, डिग्रीवर प्रोफेशनल लिहायचं असेल तर हा पेपर कंपल्सरी हवा.

एक स्टार कापला तो यासाठी आणि अजून एका गोष्टीसाठी, ती म्हणजे लिसनिंग. सगळे ऑडिओ स्पेनचे. पण स्पॅनिश २० देशांची अधिकृत भाषा आहे, वर प्वेर्तो रिको वेगळं, आणि बहुतेक बोलणारे लॅटिन अमेरिकेतले. रस्त्याला मेक्सिकोत "काये" म्हणतात, ब्युनोस आयर्समध्ये तेच "काशे" ऐकू येतं. स्पेनमध्ये मित्रमंडळींना "तुम्ही" म्हणताना "बोसोत्रोस" वापरतात, अमेरिका खंडात सरळ "उस्तेदेस", आणि अर्जेंटिनात "तू" च्या जागी "बोस", त्याची क्रियापदंही वेगळी. हे नियम आम्हाला तक्त्यात शिकवले पण कानाला सवय कुठेच लावली नाही, ती पुढे कामावर लागली. पहिल्या वर्षापासून रोज वेगवेगळ्या देशांच्या रेडिओ बातम्या लावल्या असत्या तर किती सोपं गेलं असतं. बोलण्याच्या तासाला मुलं जास्त असणं हीपण अडचण होती, तासाभरात एकेकाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात.

डिग्रीसोबत बाहेरचं सर्टिफिकेट जरूर घ्या, कारण मार्कशीटवरून समोरच्याला तुमची लेव्हल कळत नाही. स्पेनच्या सरकारी संस्थेचं, इन्स्तितुतो सेर्वांतेसचं डेले (स्पॅनिशच्या परीक्षेचं सर्टिफिकेट) घेतलं तर ते कायमचं असतं, त्यातल्या बी२ या मधल्या-वरच्या लेव्हलला वाचन-लेखन एक गट आणि ऐकणं-बोलणं दुसरा, प्रत्येकात ५० पैकी किमान ३० हवेत, म्हणजे वाचन-लेखनाच्या जोरावर बोलणं निभावून नेता येत नाही. सिएले ही दुसरी स्पॅनिशची परीक्षा, तिचं सर्टिफिकेट पाच वर्षं चालतं आणि त्यात पास-नापास नाही, नुसता स्कोअर मिळतो, त्यामुळे लगेच नोकरीला दाखवायला बरं पडतं.

फक्त फिरायला जाण्यापुरती स्पॅनिश हवी असेल तर डिग्रीच्या भानगडीत पडू नका, शॉर्ट कोर्स भरपूर झाला. पण भाषांतर, इंटरनॅशनल सेल्स, एनजीओ, पत्रकारिता यात जायचं असेल तर करा, आणि ॲडमिशनआधी डिपार्टमेंटकडून शेवटच्या दोन वर्षांचा सिलॅबस मागून घ्या. त्यातले किती पेपर स्पॅनिशमधून शिकवतात, इंटरप्रिटेशन आहे का, एक्स्चेंजला गेलं तर तिथले क्रेडिट इथे धरतात का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं कॉलेज बघा.