सोलारिस 10 वर पॅकेजं: हातानं कंपाइल की पीकेजीएसआरसी?

धुळ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये कापूस खरेदीचं काम आजही सन कंपनीच्या जुन्या सर्व्हरवर, सन फायर व्ही240 वर, चालतं. वजनकाट्याचा प्रोग्राम लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला, सोर्स कुणाकडे नाही, म्हणून त्यावरच्या सोलारिस 10 या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमला हात लावता येत नाही. त्याच्या आजूबाजूची पॅकेजं चालती ठेवणं माझ्याकडे. असं लोढणं तुमच्याही गळ्यात असेल तर रस्ते दोन: सोर्स आणून /यूएसआर/लोकलमध्ये हातानं बांधा, नाहीतर पीकेजीएसआरसी घ्या, म्हणजे नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांची, सोर्सपासून पॅकेजं आपोआप बांधून देणारी व्यवस्था. ओपनसीएसडब्ल्यू, म्हणजे सोलारिससाठीच्या तयार पॅकेजांचा साठा, एकेकाळी सोपं होतं, एका कमांडीत सगळं उतरायचं. पण तिथली पॅकेजं आता फारशी हलत नाहीत.

मी चार-पाच वर्षं हातानंच केलं, आणि त्यात सुख आहे, खोटं कशाला बोलू. हवी ती आवृत्ती, हवे तेवढेच पर्याय. इथलं /बिन/एसएच, म्हणजे कमांडी वाचणारं शेल, जुनं बॉर्न शेल; त्याला डॉलर-कंस, म्हणजे $(...), कळत नाही. बांधणीआधीची कॉन्फिगर स्क्रिप्ट त्यावर अडली की कॉन्फिग_शेल या व्हेरिएबलमध्ये बॅश हे दुसरं शेल द्यायचं. अशा खोडी पाठ झाल्या की जमतं.

माझं बिनसलं ते ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या क्रॉनपाशी. रात्री दहाला खरेदीचा रिपोर्ट कर्ल या फाइल पाठवणाऱ्या टूलनं मुख्य ऑफिसला चढायचा. कर्ल नव्यानं बांधला, हातानं चालवला, रिपोर्ट गेला. सकाळी काट्यावरच्या पोराचा फोन: "भाऊ, आज बी रिपोर्ट उना नही." जाऊन चालवावं तर माझ्यासमोर शहाण्यासारखा चालतो! तीन दिवस हेच. शेवटी क्रॉनची मेल उघडली: कर्लला लागणारी लिबएसएसएल लायब्ररी सापडत नाही. लायब्ररीचा रस्ता मी माझ्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये, एलडी_लायब्ररी_पाथ या व्हेरिएबलला दिलेला, आणि क्रॉन प्रोफाइल वाचतच नाही.

लिंक करताना मोठं आर (-R) देऊन लायब्ररीचा रस्ता बायनरीतच बसवायचा, हे मलाही माहीत होतं. दहातल्या नऊ वेळा देतोही. सगळ्या सिस्टिमसाठी लायब्ररीचे रस्ते ठरवणाऱ्या क्रले कमांडीनंही जमतं, पण त्यात /लिब आणि /यूएसआर/लिब लिहायचं राहिलं तर साध्या कमांडीसुद्धा उठत नाहीत, आणि मशीन लांब असलं की तेवढी जोखीम नको वाटते.

पीकेजीएसआरसी तो आर स्वतः घालतं. मला तेवढंच पुरलं. बाकी फायदे नंतर कळले: कुठली फाइल कुठल्या पॅकेजची हे नोंदलेलं असतं, पीकेजी_डिलीटनं ते स्वच्छ निघतं, आणि पीकेजी_ॲडमिन ऑडिट म्हटलं की सुरक्षेची भोकं कुठे आहेत ते दिसतं. सगळं /यूएसआर/पीकेजीत राहतं, सिस्टिमच्या मूळ फायलींना धक्का नाही.

त्रासही आहे. एक छोटं टूल मागा, मागून त्याला लागणाऱ्या पॅकेजांचं अख्खं वऱ्हाड येतं. सोलारिससोबत आलेला जीसीसी 3.4.3 कंपायलर पुष्कळ ठिकाणी पुरत नाही, म्हणून आधी नवा जीसीसी. माझ्याकडे त्याला दीड दिवस लागला. पीकेजीएसआरसीची दर तीन महिन्यांनी निघणारी ताजी शाखा सोलारिस 10 वर कुरकुरते, मला थोडी मागची मानवली. जुन्या मशीनला एचटीटीपीएसवरून काही उतरवता येत नाही, तेव्हा सोर्सचे टारबॉल (गठ्ठे) ऑफिसातल्या लिनक्सवर घेऊन एनएफएसनं, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमधून, द्यावे लागतात. आणि रस्ट ही नवी भाषा मागणाऱ्या गोष्टींवर दोन्हीकडे पाणीच सोडा. पायथनचं क्रिप्टोग्राफी 2021 च्या 3.4 पासून त्यातलंच.

तुमचं एकाच पॅकेजवर भागत असेल आणि ते क्रॉनमधून चालणार नसेल, तर हातानं बांधा, उगाच पसारा कशाला. चार-पाचच्या वर गेलात तर मी तरी पीकेजीएसआरसीच म्हणेन. फक्त जीसीसी मे महिन्यात बांधायला घेऊ नका. खोलीत पंखाच असेल तर मशीन तापतं, त्यात दुपारी लाईट जाते. आली की पुन्हा बीमेक, म्हणजे पीकेजीएसआरसीची बांधणीची कमांड, मारायचं, राहिलं तिथून ते पुढे जातं; मी तसं तीनदा मारलं.