मेंडोसिनो की वर रेडवुडकडे? बे एरियात मुलांकडे निघालेल्या नाशिककरांसाठी

गंगापूर रोड घ्या नाहीतर इंदिरानगर, कुठल्याही सोसायटीत कोणाचा ना कोणाचा मुलगा किंवा मुलगी बे एरियात असतेच, आणि आई-बाबा उन्हाळ्यात तिकडे निघाले की सॅन फ्रान्सिस्को, योसेमिटी, लास वेगास हे ठरलेलंच. ते बघाच, पण एक लाँग वीकेंड कॅलिफोर्नियाच्या उत्तरेच्या किनाऱ्यासाठी ठेवा असं मी भेटेल त्याला सांगतो. गोव्यासारखा मऊ वाळूचा किनारा नाही तो, काळे कडे, सुटे खडक, धुकं आणि बर्फासारखं गार पाणी. पोहायला कोणी जात नाही, जनावरं आणि छोटी गावं बघायला जातात.

मग लोक विचारतात, मेंडोसिनो-फोर्ट ब्रॅगला जाऊ की अजून वर, युरेका-ट्रिनिडाड-क्रेसेंट सिटीकडे, म्हणजे रेडवुडच्या जंगलांकडे? मी दोन्हीकडे फिरलोय. एकाच ट्रिपमध्ये दोन्ही कोंबायचं डोक्यातून काढून टाका, सगळा वेळ गाडीत जातो आणि बघायचं राहूनच जातं.

आधी रस्ता. सॅन फ्रान्सिस्कोहून मेंडोसिनो साधारण १५० मैल, साडेतीन-चार तास. अंतर कमी वाटतं पण शेवटचा टप्पा वळणावळणांचाच आहे, कुठूनही गेलात तरी. वणीच्या घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी गोळी घेऊनच बसायचं. हायवे १२८ घ्यायला सांगा, अँडरसन व्हॅलीतून जातो, दोन्ही बाजूला द्राक्षाचे मळे, दिंडोरीकडच्या माणसाला तिथे थांबल्याशिवाय राहवत नाही, आणि पुढे नवारो नदीच्या काठाने रेडवुडच्या उंच झाडांच्या सावलीतून थेट समुद्रावर निघतो. युरेका मात्र २७० मैल, पाच तासांच्या वर, पण हायवे १०१ मोठा आहे, त्रास कमी होतो. तिथून एल्क (मोठ्या जातीचं हरीण) बघायला अजून तासभर आणि क्रेसेंट सिटी युरेकापासून ८४ मैल. म्हणजे हाताशी दोनच रात्री असतील तर वरचं नाव काढू नका, चार रात्री तरी हव्यात.

आता जनावरं, कारण खरा फरक तिथेच आहे. मेंडोसिनोकडे सगळं समुद्रातलं. फोर्ट ब्रॅगच्या उत्तरेला मॅकेरिचर स्टेट पार्कमध्ये लगुना पॉइंट म्हणून जागा आहे, लाकडी फळ्यांची सपाट वाट थेट टोकापर्यंत, व्हीलचेअरसुद्धा जाते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आईला निर्धास्त न्या. समोरच्या खडकांवर हार्बर सील पसरलेले असतात, ओहोटीला जास्त, कारण तेव्हा खडक उघडे पडतात. दुर्बिणीतून बघा, डोकं आणि शेपटी दोन्ही वर उचलून फक्त पोटावर तोललेले, आणि पाणी चढायला लागलं की प्रत्येक लाटेसरशी अजून थोडे आखडतात पण जागा काही सोडत नाहीत. अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

एप्रिल-मेमध्ये असाल तर ग्रे व्हेलच्या माद्या पिल्लांना घेऊन मेक्सिकोकडून अलास्काच्या दिशेला जात असतात, आणि किनाऱ्याच्या बऱ्याच जवळून जातात. पॉइंट कॅब्रिलोचं दीपगृह आहे, १९०९ चं, तिथल्या कड्यावर बसून पाण्यावर उडणारा फवारा शोधायचा. एकदा दिसला की नजर तिथेच ठेवा, थोड्या वेळाने पुढच्या बाजूला परत दिसतो.

ग्लास बीचसाठी मात्र वेगळा दिवस घालवू नका. १९६७ पर्यंत तिथे गावाचा कचरा टाकायचे, त्यातल्या काचा लाटांनी घासून गुळगुळीत झाल्या, आता लोकांनी नेऊन नेऊन फार थोड्या उरल्यात. उचलू नका, मनाई आहे. आणि वरून सुंदर दिसणाऱ्या या समुद्रात खाली काय झालंय तेही माहीत असू द्या, सी अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा प्राणी) खाणारे समुद्रतारे रोगाने मेले, पाणी तापलं, केल्प खाणारे जांभळे सी अर्चिन बेसुमार वाढले आणि २०१४ नंतर थोड्याच वर्षांत उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं केल्पचं, म्हणजे मोठ्या समुद्रशेवाळाचं, ९० टक्क्यांहून जास्त जंगल गेलं. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

वर गेलात की जनावरं जमिनीवर. प्रेअरी क्रीक पार्कमध्ये कुरणात रूझवेल्ट एल्कचा कळप चरत असतो, नराची शिंगं बघून आपला सांबर लहान वाटतो. मे-जूनमध्ये पिल्लं असतात तेव्हा माद्या अंगावर येऊ शकतात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नर माजावर असतात, दोन्ही वेळेला लांबूनच बघायचं, फोटोसाठी गाडीतून उतरून पुढे जायचं नाही. रेडवुडबद्दल काय सांगू, ३०० फुटांच्या वरची झाडं आहेत, लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्हमध्ये सोपी गोल वाट आहे, ज्येष्ठांना आरामात जमते.

नांदूर मध्यमेश्वरला दुर्बीण घेऊन जाणाऱ्यातले असाल तर माझं मत सरळ वर जा असंच आहे. आर्केटा मार्श ही पाणथळ जागा शहराचं सांडपाणी शुद्ध करायच्या व्यवस्थेचाच भाग आहे आणि तिथे पक्ष्यांची रेलचेल असते, गोदावरीच्या काठाने राहणाऱ्या आपल्या लोकांनी तर हे बघायलाच हवं. शिवाय २०२२ पासून तिथल्या मूळच्या युरोक जमातीने कॅलिफोर्निया काँडर (प्रचंड मोठं गिधाड) त्या भागात परत आणलेत, शंभरहून जास्त वर्षांनी. दिसेलच असं नाही, पण अंजनेरीला गिधाडांसाठी मान वर करून उभं राहणाऱ्याला त्या आकाशाकडे बघण्यातही काय आहे ते कळेल.

गावांच्या बाबतीत मला मेंडोसिनो जास्त आवडतं. कड्यावर लाकडी घरं आणि मधेमधे पाण्याचे लाकडी मनोरे, कारण गावाला नळपाणी योजनाच नाही, प्रत्येकाची आपापली विहीर. २०२१ च्या दुष्काळात बाहेरून टँकर आणायला लागले होते, सिन्नर-येवल्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. फक्त राहायला महाग, म्हणून रूम फोर्ट ब्रॅगला घ्या. वर ट्रिनिडाड एवढंसं गाव पण बंदर फार देखणं. क्रेसेंट सिटीत बॅटरी पॉइंटचं दीपगृह आहे, ओहोटीला चालत जाता येतं आणि भरतीला वाट पाण्याखाली, भरती-ओहोटीचं टाइम टेबल बघूनच जा.

जेवणाचं दोन्हीकडे सारखंच, शाकाहारी लोकांना पर्याय कमी आणि हॉटेलं लवकर बंद. दशम्या, चटणी, चिवडा आणि एक छोटा राइस कुकर गाडीत टाका. कपडे म्हणाल तर जुलैमध्येसुद्धा स्वेटर, विंडचीटर, कानटोपी, नाशिकची डिसेंबरची सकाळ धरून चाला. आणि लाटेकडे पाठ करून उभं राहायचं नाही, तिकडे शांत समुद्रातून अचानक एखादी मोठी लाट वरपर्यंत येते.

तर आई-बाबा सोबत, दोन-तीन दिवस, एप्रिल ते जून असेल तर मेंडोसिनो, मी दुसरा विचारही करणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर, चालणारी मंडळी आणि चार-पाच दिवस असतील तर वर. वर जाताना फर्न कॅन्यन (नेच्यांनी मढलेली अरुंद घळ) करायचं असेल तर १५ मे ते १५ सप्टेंबर गाडीचं परमिट आधी ऑनलाइन काढावं लागतं, ते मिळालं की मगच हॉटेलच्या तारखा पक्क्या करायला मुलांना सांगा.