गिटचा काही महिन्यांचा अनुभव: कमिट केलेलं सुरक्षित, बाकीचं रामभरोसे

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणारं साधन. गेल्या आठवड्यात आमच्या प्रोजेक्टमधल्या एकाने मेन ब्रँचवर, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य शाखेवर, फोर्स पुश केलं (सर्व्हरवरचा इतिहास जबरदस्तीने आपल्या प्रतीने बदलला) आणि सर्व्हरवरच्या रिपॉझिटरीतून बाकीच्यांचे ताजे कमिट (नोंदवून ठेवलेले बदल) दिसेनासे झाले. सगळे हवालदिल. मी फेच केलं (सर्व्हरवरची ताजी स्थिती माझ्या मशीनवर आणली) तेव्हा गिटने ओरिजिन/मेनच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या मेनची माझ्याकडे जी नोंद असते तिच्या, ओळीपुढे कंसात 'फोर्स्ड अपडेट' असं दाखवलं. मग 'गिट रिफ्लॉग शो ओरिजिन/मेन' ही कमांड दिली. रिफ्लॉग म्हणजे ब्रँच आधी कुठकुठल्या कमिटवर होती याची यादी. फेच करण्याआधी ही ब्रँच ज्या कमिटवर होती, तो यादीत दुसऱ्याच ओळीत होता. त्या कमिटच्या हॅशवर (ओळखक्रमांकावर) नवी ब्रँच काढली, ज्याचं त्याने आपापलं काम तपासून घेतलं आणि मेन पूर्ववत झाली. एक ओळसुद्धा गेली नाही. काही महिने गिट वापरतेय, पण ते मनापासून आवडलं ते त्या दिवशी.

ॲड, कमिट, पुश, पुल तुम्हाला येतं असं धरून पुढचं लिहितेय. शिकवणाऱ्या बहुतेकांची गाडी तिथेच थांबते आणि माझी पहिली तक्रार हीच आहे. रिफ्लॉग पहिल्या दिवशी शिकवायला हवं. ते माहीत नसलेला माणूस घाबरून फोल्डर उडवतो आणि नव्याने क्लोन करतो, म्हणजे सर्व्हरवरून पूर्ण प्रत पुन्हा उतरवतो. आमच्याकडेही एकाने नेमकं हेच केलं. रिफ्लॉग फक्त आपल्या मशीनवर असतो, क्लोनबरोबर येत नाही. त्यामुळे त्याच्या ताज्या प्रतीत शोधायला काही उरलंच नव्हतं. काहीही बिघडलं तरी फोल्डरला हात लावू नका, आधी रिफ्लॉग पाहा.

हे सगळं शक्य होतं ते गिटच्या रचनेमुळे. प्रत्येक कमिट म्हणजे त्या क्षणीच्या सगळ्या फाइल्सचं पूर्ण चित्र. त्यात आधीच्या कमिटचा हॅश असतो आणि त्याला स्वतःचाही 40 अक्षरांचा हॅश मिळतो. ब्रँच म्हणजे असा एक हॅश लक्षात ठेवणारी छोटीशी नोंद, बस. म्हणून 'ब्रँच उडाली' म्हणतो तेव्हा नोंद हललेली असते, कमिट जागेवरच असतात. ज्यांच्यापर्यंत त्या ब्रँचच्या सध्याच्या टोकावरून पोहोचता येत नाही, अशा कमिटच्या रिफ्लॉगमधल्या नोंदी गिट मुळात 30 दिवस ठेवतो, बाकीच्या 90 दिवस. शिवाय पूर्ण इतिहास प्रत्येकाच्या मशीनवर असतो. 2005 मध्ये लिनक्स कर्नलवाल्यांना बिटकीपर या अशाच कामाच्या साधनाचा फुकट वापर बंद झाला, तेव्हा लिनक्सच्या जनकाने, लिनस टोरवाल्ड्सने एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं आणि जुलैमध्ये ते जुनिओ हमानोच्या हाती सोपवलं. जगभर विखुरलेल्या लोकांना एकाच सर्व्हरच्या तोंडाकडे पाहत बसायला लागू नये, ही गरज त्यात पहिल्यापासून होती. त्याचा फायदा आज आपल्यालाही होतो, तोही फुकट. गिटसाठीचं चकचकीत चित्रांचं एक सशुल्क क्लायंट ॲप मी चाचणीपुरतं वापरलं. मुदत संपल्यावर ते दरमहा पैसे मागायला लागलं, त्याच दिवशी काढून टाकलं. टर्मिनलमध्ये 'गिट लॉग'ला ग्राफ आणि वनलाइन हे दोन पर्याय दिले की माझं भागतं.

आता खरा राग. कमिट केलेल्या कामाला इतकं जपणारं हे साधन, कमिट न केलेल्या कामाबाबत अगदी निष्ठुर आहे. 'गिट रिस्टोअर' आणि फाइलचं नाव दिलं की त्या फाइलमधले ॲड न केलेले सगळे बदल गायब. 'रीसेट हार्ड'चं तेच. ना 'खात्री आहे का' असा प्रश्न, ना रिफ्लॉगमध्ये माग. सावध राहायचं गिटला कळत नाही असं नाही. 'गिट क्लीन' ही ट्रॅक नसलेल्या (गिटच्या नोंदीत नसलेल्या) फाइल्स पुसणारी कमांड एफ हा पर्याय दिल्याशिवाय मुळात कामच करत नाही. 'गिट स्विच'ही आपले बदल पुसले जाणार असतील तर ब्रँच बदलायला नकार देतो. मग दिवसभर खपून लिहिलेल्या फाइलला तेवढी दया का नाही? 2019 मध्ये 2.23 आवृत्तीत चेकआउट या जुन्या कमांडची कामं स्विच आणि रिस्टोअर अशी वेगळी केली, तेव्हा हे दुरुस्त करण्याची उत्तम संधी होती. ती दवडली. एरवी इतक्या विचारपूर्वक बनवलेल्या गोष्टीत ही उणीव मला फार खुपते.

इथवर लिहून ठेवलं होतं. मग एकदा स्टेज केलेलं (ॲड करून पुढच्या कमिटसाठी तयार ठेवलेलं), पण कमिट न केलेलं काम रीसेट हार्डमध्ये गेलं आणि शोधताना 'गिट एफएससीके'चा लॉस्ट-फाउंड पर्याय सापडला. फाइल ॲड केली की तिचा मजकूर त्याच क्षणी डॉट-गिट फोल्डरमध्ये साठवला जातो, कमिट होवो न होवो. त्या कमांडने असे बेवारस तुकडे लॉस्ट-फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये काढून दिले. फाइलचं नाव मिळत नाही, नुसता मजकूर मिळतो, त्यामुळे एकेक उघडून बघावं लागलं. पण सगळं मिळालं. तेव्हा वरचा राग थोडा आवरते: ॲड केलेलं बहुतेकदा वाचवता येतं, ॲडही न केलेलं मात्र नाही.

यामुळे स्टेजिंगबद्दलचं मतही बदललं. सुरुवातीला ही मधली पायरी मला निव्वळ त्रास वाटायची. आता 'गिट ॲड'ला पी हा पर्याय देऊन बदलाचा एकेक तुकडा पाहते, घ्यायचा की नाही ते ठरवते. चुकून राहिलेली डीबगची ओळ किंवा कुठेतरी लिहिलेला पासवर्ड तिथेच दिसतो. पासवर्ड एकदा पुश झाला की तो इतिहासातून काढणं फार किचकट असतं, आणि काढला तरी बदलावाच लागतो.

मर्ज कॉन्फ्लिक्टची, म्हणजे दोन ब्रँच जोडताना एकाच जागचे बदल भिडण्याची, भीती मला अनाठायी वाटते. 'मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल' या सेटिंगला डिफ3 द्या, म्हणजे दोन्ही बाजूंबरोबर मूळ मजकूरही दिसतो आणि निर्णय सोपा होतो.

फोर्स पुशच्या प्रकरणानंतर मेनला सर्व्हरवर संरक्षण लावलंय. स्वतःच्या ब्रँचवर इतिहास बदललाच तर पुश करताना 'फोर्स-विथ-लीज' हा पर्याय वापरा. आपण शेवटचं फेच केल्यानंतर कुणी काही पुश केलं असेल, तर तो अडवतो. मात्र एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत असेल, तर त्याच्यावरही विसंबू नका.

कमिट संदेश सुंदर लिहिता येईपर्यंत काम तसंच ठेवण्याची सवय मी सोडली आहे. जेवायला उठण्याआधीही आपल्या ब्रँचवर कच्चा कमिट करते, नंतर रीबेसमध्ये (कमिट नव्याने मांडणाऱ्या कमांडने) एकत्र करते. रिफ्लॉगच्या दोन्ही मुदतीही वाढवून 180 दिवस केल्यात. डिस्कवर थोडी जास्त जागा जाते, ती खुशाल जाऊ दे.