कँटनचं प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम: एका जमाखर्चाच्या पानासाठी जायलाच हवं

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंडहून आय-७७ महामार्गाने दक्षिणेला साधारण ६० मैलांवर कँटन. १९६३ साली उघडलेल्या इथल्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या संग्रहालयात बहुतेक लोक जुना खेळाडू जिम थॉर्पच्या ७ फुटी ब्राँझ पुतळ्याशी फोटो काढतात आणि सुपर बोल या अंतिम सामन्याच्या विजेत्यांच्या अंगठ्यांकडे वळतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये पैसा कधी शिरला हे बघायचं असेल तर मात्र पज हेफेलफिंगर या खेळाडूचं नाव असलेलं जमाखर्चाचं पान शोधा.

हेफेलफिंगर येल विद्यापीठाचा गार्ड, म्हणजे पुढच्या फळीत प्रतिस्पर्ध्यांना अडवणारा खेळाडू. १८८९, ९० आणि ९१ अशी सलग तीन वर्षं ऑल-अमेरिका, म्हणजे देशभरच्या उत्तम कॉलेज खेळाडूंच्या मानाच्या संघात निवडलेला. चेंडू निघाला की आपली जागा सोडून धावणाऱ्याच्या पुढे पळायचं आणि वाट मोकळी करायची, ही त्याची खासियत. १२ नोव्हेंबर १८९२ ला अ‍ॅलेगनी क्लबने त्याला पिट्सबर्ग क्लबविरुद्ध उतरवलं. प्रतिस्पर्ध्याचा निसटलेला चेंडू उचलून त्याने टचडाउन केला, म्हणजे चेंडू त्यांच्या गोलरेषेपार नेला. तेव्हा टचडाउनचे ४ गुण मिळायचे, आणि सामना संपला ४-० वर.

पान म्हणजे अ‍ॅलेगनीचा त्या सामन्याचा हिशेब, आणि तो सावकाश वाचावा. जमा १,६८३.५० डॉलर. खर्चात पाहुण्या संघाला कबूल केलेली ठरावीक रक्कम ४२८, मैदानाचं भाडं ५०, तीन खेळाडूंचा प्रवास ७५, हॉटेल ९. आणि मग ती ओळ: हेफेलफिंगरला खेळण्याबद्दल रोख ५००. खर्चातली ही सर्वांत मोठी रक्कम, तरी क्लबला ६२१ डॉलर सुटलेच. उघडपणे हौशी म्हणवणाऱ्या क्लबांनी खेळाडू का विकत घेतले, ते या बेरजेतच दिसतं. हौशी खेळात प्रवासखर्च देणं चालायचं, खेळायचे पैसे देणं नाही. म्हणून हा व्यवहार दडलेलाच राहिला आणि हेफेलफिंगरऐवजी १८९५ मध्ये लॅट्रोब संघाकडून १० डॉलर घेणारा जॉन ब्रॅलियर कितीतरी वर्षं पहिला व्यावसायिक मानला गेला.

उणीव एकच, पण सलते. हॉलचे सभासद म्हणून गौरवलेल्यांच्या अर्धपुतळ्यांच्या दालनात हेफेलफिंगर नाही. तो कॉलेज फुटबॉलच्या हॉलमध्ये आहे, इथला सभासद नाही. ज्याच्या नावच्या नोंदीला हा व्यवसाय आपला जन्मदाखला म्हणतो, त्याचा चेहरा इथे हवाच.

सुरुवातीच्या काळाला तासभर राखून ठेवा. पान प्रदर्शनात मांडलं आहे का, हे आधी विचारून घ्या. ऑगस्टच्या सुरुवातीला नव्या सभासदांच्या सोहळ्याची गर्दी असते, तेव्हा बारीक अक्षर वाचायला निवांतपणा मिळत नाही.